फायनल फॅन्टसी : आरंभ कोठून करावा ?

दीर्घ परंपरेच्या दाराशीं येऊन उभ्या राहिलेल्या नवख्या मनुष्यास पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, आंत शिरावें कोठून ? क्रमाचा अभिमान बाळगणारा म्हणेल, पहिल्यापासून; दुसरें काय ? मीही परवांपर्यंत हेंच म्हणत होतों. जवळजवळ तीस वर्षें कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलीं, आणि प्रत्येक जूनमध्यें नव्या मुलांचा हात धरून मीं त्यांस चॉसरपासून चालवीत आणलें. पुष्कळांचा हात वाटेंत सुटला. दोष अर्थातच त्यांच्या आळसाचा, असा माझा निवाडा होता. हा निवाडा चुकला असें आतां वाटूं लागलें आहे. आणि तें एका जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेमुळें वाटूं लागलें, हें सांगतांना थोडासा संकोच होतो.

हकीकत अशी. माझी धाकटी मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरास गेली तेव्हां आपलें खेळाचें यंत्र घरींच ठेवून गेली. जातांना म्हणाली, "बाबा, 'फायनल फॅन्टसी' एकदां खेळून बघा. पण पहिल्यापासून सुरू करूं नका हं." मुलांचा उपदेश बापानें ऐकावा अशी आमच्या घरांत चाल नाहीं. मीं पहिल्यापासूनच सुरू केलें, आणि आठ दिवसांत यंत्रावर कापड घालून ठेवलें.

असल्या विषयासाठीं वाङ्मयीन मासिकाचीं पानें कां खर्च करावीं, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. त्यांस इतकेंच सांगावेंसें वाटतें कीं, कादंबरी ही तरुण मुलामुलींस बिघडविणारी वस्तु आहे असें एके काळीं आपल्याही घरांतून बोललें जात असे. चित्र, संगीत, संवाद आणि कथा यांच्या मिलाफानें जी कृति चाळीस-पन्नास तास मनुष्याचें चित्त धरून ठेवते, ती चांगली कीं वाईट हें ठरविण्यासाठीं तरी तिच्याकडे पाहिलें पाहिजे. न पाहतां नाक मुरडणें हें टीकाकाराचें काम नव्हे.

या प्रकारच्या खेळांचें मूळ अमेरिकेंत आहे. सन १९७४ मध्यें गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा एक बैठा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत खेळणारा एखाद्या योद्ध्याची वा मांत्रिकाची भूमिका घेतो. फांशांनीं दैव ठरतें आणि अनुभवानें पात्राची शक्ति वाढत जाते. पुढें 'विझर्ड्री'सारख्या खेळांनीं हीच कल्पना संगणकावर आणली आणि तेथून ती जपानांत गेली. युजी होरी यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ सन १९८६ मध्यें निघाला, आणि दुसऱ्याच वर्षीं, डिसेंबर १९८७ मध्यें, 'स्क्वेअर' कंपनीच्या हिरोनोबु साकागुची यांनीं 'फायनल फॅन्टसी' प्रसिद्ध केला. संगीत नोबुओ उएमात्सु यांचें. पात्रांचीं चित्रें योशिताका अमानो यांचीं. हा कर्त्याचा शेवटचा प्रयत्न होता म्हणून त्याचें नांव 'फायनल' ठेवलें, अशी एक गोड आख्यायिका प्रचलित आहे. सन २०१५ मध्यें साकागुची यांनींच तिचा रंग उतरविला. त्यांस दोन 'एफ' जुळणारें नांव हवें होतें. आधीं योजिलेलें 'फाइटिंग फॅन्टसी' हें नांव दुसऱ्यांनीं अगोदरच घेतलेलें होतें, एवढेंच!

'शेवटचें' म्हणविणाऱ्या या मालिकेचा सोळावा खेळ सन २०२३ मध्यें निघाला. सोळा हा आंकडा ऐकूनच नवखा मनुष्य माघार घेतो. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हे सोळा आंकडे म्हणजे एका कथेचे सोळा अध्याय नव्हेत. प्रत्येक आंकड्यास नवें जग, नवीं पात्रें, नवा आरंभ आणि नवा शेवट आहे. त्यांतून या आंकड्यांनीं पूर्वीं एक घोटाळाही करून ठेवला होता. जपानांतील दुसरा, तिसरा व पांचवा हे खेळ त्या काळीं अमेरिकेंत गेलेच नाहींत. म्हणून चौथा तेथें 'दुसरा' म्हणून विकला गेला आणि सहावा 'तिसरा' म्हणून. सन १९९७ मध्यें सातवा आपल्या खऱ्या आंकड्यानिशीं गेला तेव्हां अमेरिकन मुलांस तिसऱ्यानंतर एकदम सातवा हातीं आला. आणि त्यावांचून त्यांचें कांहीं अडलें नाहीं.

मग या सोळांस एका घराण्याचें म्हणावयाचें कशावरून ? कांहीं खुणांवरून. घोड्याच्या जागीं चोकोबो नांवाचा मोठा पिवळा पक्षी, विमानाशीं संबंध असलेला सिड नांवाचा कोणी तरी गृहस्थ, स्फटिक, आणि संकटसमयीं पाचारण केल्यावर धांवून येणाऱ्या दिव्य शक्ती. या शक्तींच्या नांवांत सगळ्या जगांतील पुराणांची सरमिसळ आहे. अरबी कथांतील इफ्रीत आहे, उत्तर युरोपचा ओडिन आहे. आणि सन १९९० च्या तिसऱ्या खेळापासून 'शिव' हें नांव धारण करणारी, बर्फाची वृष्टि करणारी एक स्त्री आहे! आपणांस प्रथम दचकल्यासारखें होतें. पण दूरदेशीं गेलेलें दैवत आपलें रूप सांभाळून राहतेंच असें नाहीं.

आतां माझी फजिती सांगतों. पहिल्या खेळांत योद्धा, चोर, मल्ल, श्वेत मांत्रिक, कृष्ण मांत्रिक व तांबडा मांत्रिक अशा सहा प्रकारांतून चार गडी निवडावयाचे असतात. त्यांस ना आईबाप, ना स्वभाव; नांव आपण द्यावें तें. विझूं लागलेले चार स्फटिक पुन्हां उजळविण्यास हे चौघे निघतात. आरंभ मोठा झोकदार आहे; पण पुढें दलदलीची एक गुहा लागते. तींत विषारी प्राण्यांनीं माझ्या गड्यांस इतक्या वेळां लोळविलें कीं, सातव्या खेपेस मीं स्वतःलाच विचारलें, हे मेले काय किंवा जगले काय, मला त्याचें काय ? या प्रश्नास खेळाजवळ उत्तर नव्हतें. मग दुसरा खेळ, सन १९८८ चा, काढून पाहिला. त्यांत पात्रांस नांवें आहेत, एका जुलमी साम्राज्याशीं चाललेलें युद्ध आहे, साथींपैकीं कांहींजण मरतातही. कथेच्या दृष्टीनें हें मोठेंच पाऊल. परंतु त्याचा नियम असा कीं, ज्याला मार बसेल त्याची सहनशक्ति वाढावी. नियम तर्कशुद्ध आहे. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, चतुर खेळाडू शत्रूस बाजूला ठेवून आपल्याच मित्रांस बडवूं लागले! कथा म्हणते, मित्रासाठीं प्राण द्या. नियम म्हणतो, मित्रास चोप द्या. ज्या कृतींत कथा व नियम एकमेकांशीं भांडतात ती कितीही इतिहासप्रसिद्ध असली तरी तिच्यानें नवख्याचें मन धरलें जात नाहीं.

यावरून माझ्या मनांत जो विचार आला तो हा. शाकुंतलाची गोडी लागण्यापूर्वीं मालविकाग्निमित्र वाचलेंच पाहिजे असें आपण कोणास सांगतों काय ? हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति'. पण हरिभाऊंची ओळख करून घेणाऱ्याच्या हातीं आपण 'पण लक्षांत कोण घेतो' देतों, आणि तें योग्यच करतों. इतिहासाचा क्रम निराळा, ओळखीचा क्रम निराळा. पहिल्यापासून चला असें सांगण्यांत शिकविणाऱ्याची सोय असते, कारण त्याला पुढचें सगळें ठाऊक असतें आणि पहिल्या रोपट्यांत त्याला पुढचा वृक्ष दिसत असतो. नवख्यास फक्त रोपटें दिसतें. म्हणून आरंभासाठीं अशी कृति निवडावी कीं, जी नवख्याच्या अज्ञानाची जबाबदारी स्वतः पत्करते. त्याच्या अज्ञानास लाजवीत नाहीं, उलट त्याचा कथेंत उपयोग करून घेते.

या कसोटीवर घासून पाहतां, जाणते लोक बहुधा ज्याची शिफारस करतात तो सातवा खेळ मागें पडतो. त्याची थोरवी मी नाकारीत नाहीं. शिन्रा नांवाची वीज-कंपनी पृथ्वीच्या गर्भांतील प्राणशक्ति उपसून शहर उजळते आणि त्या उजेडाखालीं गरिबांच्या वस्त्या काळोखांत कुजतात, ही त्यांतील कल्पना आज सन १९९७ पेक्षांही अधिक झोंबते. पण तीतील ठोकळ्यासारख्या आकृत्यांमागचें कारुण्य दिसण्यास डोळ्यांस संवय लागते. यावर कोणी म्हणेल, मग नवी आवृत्ति घ्या. तीन खंडांत योजिलेल्या या पुनर्रचनेचा पहिला खंड सन २०२० मध्यें व दुसरा सन २०२४ मध्यें आला, आणि दोन्ही डोळे दिपविणारे आहेत. परंतु हें नुसतें पुनर्लेखन नव्हे. मूळ कथा जशी घडली तशीच पुन्हां घडावी काय, असा वाद ही नवी कृति जुन्या कृतीशीं घालते. ज्यानें जुनी पाहिली नाहीं त्याला दोघांच्या भांडणांत एकाचेंच बोलणें ऐकूं येईल.

सहावा खेळ (सन १९९४) माझ्या मतें मालिकेंतील अत्यंत धाडसी कृति आहे. त्याला एकच एक नायक नाहीं. चौदा पात्रें आहेत. आणि कथेच्या मध्यावरच खलपुरुष जगाचा नाश करण्यांत यशस्वी होतो. पुढें सेलेस नांवाची स्त्री एका ओसाड बेटावर जागी होते. जवळ एकटा आजारी सिड. त्याच्यासाठीं समुद्रांतून मासे धरून आणावयाचे. चपळ मासा दिला तर तो सुधारतो. मंद, रोगट मासा दिला तर खालावतो. आणि हें कोणीही सांगत नाहीं. आपल्या हातून काय घडलें हें कळतें तेव्हां फार उशीर झालेला असतो. हा प्रसंग मी विसरूं शकत नाहीं. पण नवख्याला मासे धरणें हा पोरखेळ वाटेल. आपली प्रत्येक बारीक कृति कथेंत मोजली जात आहे ही जाणीव त्याला अजून झालेली नसते. सहावा खेळ ओळखीनंतरचा आहे.

मुलीच्या सांगण्यावरून मीं कापड काढलें तें दहाव्या खेळासाठीं. हा सन २००१ चा. योशिनोरी कितासे हे त्याचे निर्माते. कथालेखनांत काझुशिगे नोजिमा यांचा मुख्य हात. मालिकेंत पात्रें आवाजानें बोलूं लागलीं तीं याच खेळापासून. आरंभींच एक उद्ध्वस्त नगर दिसतें. भोंवतीं मावळतीचा उजेड, मधोमध शेकोटी, आणि तिच्याभोंवतीं कांहीं माणसें निमूट बसलेलीं. त्यांतील एक तरुण आपली हकीकत सांगूं लागतो. पुढचे कित्येक तास आपण खेळतों ती ही सांगितलेली हकीकत असते. आणि बऱ्याच अवधीनंतर चालत चालत आपण त्याच शेकोटीपाशीं येऊन पोंचतों. ती माणसें तेव्हां निमूट कां बसलीं होतीं, हें आतां आपणांस ठाऊक असतें.

हा तरुण म्हणजे टीडस. एका झगमगत्या शहरांतला नांवाजलेला खेळाडू. 'सिन' नांवाच्या प्रचंड राक्षसाच्या तडाख्यांत सांपडून तो स्पायरा नांवाच्या अनोळखी जगांत फेंकला जातो. तेथला धर्म, तेथले विधि, नमस्काराची रीत, कांहीं म्हणजे कांहीं त्याला ठाऊक नाहीं. लोकांनीं हंसूं नये म्हणून तो सांगतो कीं, सिनच्या विषानें आपली स्मृति बिघडली आहे. नवख्या खेळाडूची स्थिति याहून निराळी ती काय ? त्याला पडणारा प्रत्येक प्रश्न टीडसच त्याच्यासाठीं विचारतो, आणि तो विचारणें कथेंत शोभतें. एक सूक्ष्म गोष्ट तर फारच बोलकी आहे. या पात्राचें नांव खेळाडूस बदलतां येतें. त्यामुळें सगळीं पात्रें मोठ्यानें बोलत असूनही त्याचें नांव आरंभापासून शेवटपर्यंत कोणाच्याही तोंडून ऐकूं येत नाहीं. ती जागा आपल्यासाठीं मोकळी ठेवलेली आहे.

युना नांवाची एक तरुणी सिनच्या नाशासाठीं देवालयामागून देवालय घेत यात्रेस निघाली आहे. टीडस तिच्या रक्षकांत सामील होतो. या यात्रेविषयींची एक गोष्ट सोबतच्या सर्वांस ठाऊक आहे. फक्त टीडसला नाहीं, आणि आपणांसही नाहीं. ती मी येथें सांगणार नाहीं, आणि वाचकांनींही ती आधीं कोणास विचारूं नये. या अज्ञानावरच सगळी इमारत उभी आहे. आरंभासाठीं हाच खेळ निवडावा याचें मुख्य कारण तें. येथें नवखेपणा ही उणीव नाहीं, तें भांडवल आहे. आणि तें एकदांच खर्चितां येतें.

दुसऱ्या खेळांत कथा व नियम यांचें जें भांडण दिसलें तें येथें मिटलेलें आहे. या खेळांतून वाटेवर पावलोपावलीं राक्षस आडवे येतात. ते कोठून येतात याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. किलिका नांवाचें बंदर सिनच्या एका फटक्यानें उद्ध्वस्त होतें. संध्याकाळीं मशालींच्या उजेडांत युना पाण्यावर पाय ठेवून चालत जाते आणि बुडालेल्यांसाठीं नृत्य करते. टीडस विचारतो, हें काय ? त्याला उत्तर मिळतें कीं, मृतांस वाट दाखवावी लागते. ज्यांना ती मिळत नाहीं त्यांना जिवंतांचा हेवा वाटूं लागतो, आणि त्यांचेच राक्षस होतात. त्या क्षणापासून वाटेंतली प्रत्येक झुंज निराळी होते. आपण ज्याच्यावर शस्त्र उगारतों तो कोणाचा तरी न पोंचविलेला मृत आहे ! अंत्यविधीचें मोल जाणणाऱ्या आपल्या वाचकांस हें फोड करून सांगण्याची जरूर नाहीं.

भाषेच्या अध्यापकास लोभविणारी आणखी एक योजना यांत आहे. स्पायरामध्यें अल-भेद नांवाचे लोक राहतात. (नांवांतील 'भेद' हा आपल्या कानास योगायोगानें ऐकूं येणारा, पण तो चपखल बसला आहे.) धर्मानें निषिद्ध मानलेलीं यंत्रें ते वापरतात, म्हणून इतर त्यांचा तिरस्कार करतात. त्यांची भाषा आरंभीं निव्वळ खडखडाट वाटते. ठिकठिकाणीं पडलेलीं त्यांचीं बालबोध पुस्तकें सांपडत जातात, एकूण सव्वीस. आणि इंग्रजी आवृत्तींत प्रत्येक पुस्तकाबरोबर त्या भाषेचें एक एक अक्षर उलगडतें. पंधरावीस अक्षरें उलगडलीं कीं, आपण ज्यांना शत्रु समजत होतों त्यांच्या धमक्या या धमक्या नव्हत्या असें दिसूं लागतें. परभाषा शिकल्यानें मनुष्य सहिष्णु होतो असें मीं अनेक व्याख्यानांतून सांगितलें आहे. पण तें इतक्या थोडक्यांत मला कधीं सांगतां आलें नाहीं.

झुंजीच्या पद्धतीविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण माझ्या वयाच्या वाचकांस तीच धास्ती असते. बोटांची चपळाई येथें लागत नाहीं. बुद्धिबळांतल्याप्रमाणें पाळीपाळीनें चाल करावयाची असते. पुढच्या पाळ्या कोणाकोणाच्या हें पडद्याच्या कडेला मांडलेलें असतें. आणि आपण विचार करीत असतां जग थांबून राहतें. मध्येंच चहा घेतला तरी चालतें.

दोष नाहींत असें नाहीं. वाट बहुतेक सरळ, बोळासारखी आहे. इकडेतिकडे भटकण्याची मुभा शेवटीं शेवटीं मिळते. कांहीं पोटखेळ तर छळवादी आहेत. एका मैदानांत कोसळणाऱ्या विजेचे दोनशे लोळ न चुकतां लागोपाठ चुकविणारास एक वस्तु बक्षीस मिळते. हा उद्योग ज्यानें योजिला त्याला परमेश्वर क्षमा करो. नवख्यानें तिकडे वळूं नये. इंग्रजी आवाज कांहीं ठिकाणीं ओठांशीं जुळत नाहींत. आणि टीडस व युना लुका शहरांत मोठमोठ्यानें, ओढून ताणून हंसतात तो प्रसंग तर वाईट अभिनयाचा मासला म्हणून जगभर थट्टेचा विषय झाला आहे. पण या शेवटच्या आरोपांत मी खेळाच्या बाजूचा आहें. दुःख असतांही हंसण्याचा सराव करावा असें युना त्याला सांगते; त्या सरावाचें तें हंसणें आहे, आणि तें खोटें वाटावें हाच त्याचा हेतु आहे. तिनें हा सराव कां केला आहे हें ज्याला पुढें कळतें त्याला त्यावर हंसतां येणार नाहीं. एखाद्या कृतीचा तुकडा तोडून त्यावर निवाडा देणारांची परंपरा आमच्याही क्षेत्रांत मोठी आहे.

दहाव्यानंतर काय, हें सांगून पुरें करतों. दहावा संपल्यावर पहिला खेळ घ्यावा. पुरा करण्याची जरूर नाहीं, पण त्यांतील टोंकदार टोपीचा, चेहरा सावलींत लपलेला, निनांवी कृष्ण मांत्रिक डोळ्यांत भरून घ्यावा. पहिले सहाही खेळ सन २०२१-२२ मध्यें नव्यानें सजवून निघाल्यामुळें हें आतां सोपें झालें आहे. मग सन २००० चा नववा खेळ घ्यावा. त्यांत तोच मांत्रिक विवी नांवाचें एक लहान पोर होऊन येतो. त्याला कळतें कीं, आपणांसारखे पुष्कळ जण युद्धासाठीं कारखान्यांत घडविले गेले, आणि आपलें आयुष्य फार थोडें आहे. सन १९८७ मध्यें ज्याला आपण नुसतें नांव देऊन लढावयास धाडलें तोच तेरा वर्षांनीं विचारतो, मी कोण ? हा प्रश्न झोंबण्यास पहिल्याची ओळख हवी. आणि पहिल्याविषयीं प्रेम वाटण्यास हा प्रश्न हवा. त्यानंतर सहावा, मग मूळचा सातवा, आणि तो संपल्यावरच त्याची नवी आवृत्ति. अकरावा व चौदावा हे असंख्य लोकांनीं एकत्र खेळावयाचे, कायम चालू राहणारे खेळ; त्यांची गोष्ट निराळी. सोळाव्यांत हात चपळ लागतो. तो तरुणांनीं घ्यावा.

शेकोटीपासून शेवटापर्यंत पोंचण्यास मला दीड महिना लागला. रोज रात्रीं जेवणानंतर तास-सव्वा तास. शेवट झाला त्या रात्रीं साडेअकरा वाजून गेले होते; तरी मुलीस फोन केला. दोन क्षण कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग ती म्हणाली, "बाबा, आतां हाच पुन्हां पहिल्यापासून खेळा. जमविलेलीं अक्षरें पुढच्या खेपेस बरोबर नेतां येतात." या खेपेस मीं ऐकलें. जें संभाषण पूर्वीं खडखडाट वाटलें होतें तें आतां कळत होतें. आणि सोबतचीं माणसें टीडसकडे पाहून मध्येंच नजर कां वळवितात, तेंही.

यंदाच्या जूनमध्यें मीं वर्गांत चॉसर उघडला नाहीं. आम्ही मॅकबेथपासून आरंभ केला आहे. चॉसर फेब्रुवारींत येईल. तोंपर्यंत किती हात हातांत राहतात, तें पाहावयाचें.